साइट प्लॅन, तिसरी सुधारित प्रत

एक इंच म्हणजे शंभर फूट.
या मापाने माझ्या अंगठ्याखाली
अख्खं रसायनशास्त्र झाकलं जायचं.

राजारामपुरीत लाकडी जिन्याचं ऑफिस,
खाली पंक्चरवाला, वर आम्ही चौघे
टी-स्क्वेअरवर वाकलेले.
भिंतीवर माळाचा नकाशा, त्यावर उंचसखलाच्या रेघा,
पाडव्याला म्हशीच्या पाठीवर
नक्षी कातरतात, तशा.

समितीची पत्रं यायची.
भौतिकशास्त्राला हादरे नकोत.
संगीताला भौतिकशास्त्र नको.
ग्रंथालय मध्यभागी हवं यावर सगळ्यांचं एकमत,
मध्य कुठे, यावर सात सभा.
कँटीन कुणालाच शेजारी नको होतं
आणि कुणालाच लांब नको होतं.

शाई रबराने जात नाही.
अर्ध्या ब्लेडने खरवडावी लागते, श्वास रोखून.
वनस्पतिशास्त्र मी असं तीनदा उपटलं.
चौथ्यांदा कागदच फाटला,
म्हणून ते आज जिथे आहे तिथे आहे.

बाबालाल शिकलगार साखळी ओढायचा.
पहिल्याच दिवशी खुंटी ठोकता ठोकता म्हणाला,
"सायेब, तुमची सरळ रेघ हितं टिकायची न्हाई.
हितनं म्हसरं जात्यात."
बघतो तर खरंच, कुसळांतून तिरकी, मळलेली वाट,
पलीकडच्या वाडीतून शहराकडे,
गिऱ्हाइकाच्या दारात, त्याच्याच तांब्यात
दूध पिळायला निघालेल्या म्हशींची.
वाट म्हणजे काय, खुरांनी रोज केलेली सही.

मी दोन इमारतींच्या मधे बावीस फूट सोडले, तिरके.
नाव दिलं नाही.
सभेत अध्यक्षांची पेन्सिल फिरत फिरत
नेमकी तिथेच थांबली.
"हे काय?"
"ड्रेनेज, सर."
त्यांनी तसं लिहिलं आणि पुढे गेले.
साहेबाशी आयुष्यात एवढं एकच खोटं बोललो.
दुसरं पगाराबद्दल होतं, ते धरत नाही.

मुलींचं वसतिगृह मात्र
सांगितलं तिथेच काढलं, पार टोकाला.
सुरक्षिततेच्या दृष्टीने, असं पत्रात होतं.
टोक सुरक्षित असतं हे कुणाला सुचलं
कुणास ठाऊक. मीही विचारलं नाही.
त्या रस्त्यावर एकोणीस दिवे काढले,
एकोणीस बारीक वर्तुळं, प्रत्येकात फुली.
अंदाजपत्रकातून सहा परत आले.

पुढे भाची तिथे शिकायला आली.
म्हणाली, मामा, आम्ही वाचनालयातून
साडेसातलाच उठतो,
आठनंतरचा रस्ता फार लांब होतो.
मी तिला सांगितलं नाही
की त्या लांबीचं माप माझ्या हाताचं आहे.
खाली उजव्या कोपऱ्यात बघ,
आखणी: वि. म. तोडकर.

परवा तिच्या मुलाची पदवी आणायला गेलो.
मुख्य रस्ता काटकोनात, दोन्हीकडे उंच झाडं,
आणि त्यावर कुणी नाही.
सगळी पोरं त्या बावीस फुटांतून, तिरकी,
फायली डोक्यावर धरून, उन्हात.
म्हशी कधीच गेल्या. बाबालालही गेला.
वॉचमन म्हणाला, "आजोबा, रस्ता तिकडून."
म्हटलं, "माहीत आहे."

तिथे खरोखरच एक गटार बांधलंय,
दगडी, देखणं, ठणठणीत कोरडं.
पाणी तिकडे उतरतच नाही, उतार उलटा आहे.
पण पेन्सिलीत लिहिलं होतं ना.

पदवी मिळाली तेव्हा तीन वाजले होते.
पोरगा म्हणाला, चला.
म्हटलं, तू हो पुढे.
वसतिगृहाच्या रस्त्यावर एका कट्ट्यावर बसून राहिलो
अंधार पडेपर्यंत.
बघायचं होतं,
किती लागतात.